भुकेच्या गवताची भाकरी

डरीगोरम,
२२ ऑक्टोबर १९२३

बार्टली,

तुला पत्र लिहायची वेळ माझ्यावर येईल असे वाटले नव्हते. तू तुरुंगाचा पहारेकरी झालास त्याला बावीस वर्षे झाली आणि तेव्हापासून आईने या घरात तुझे नाव काढू दिलेले नाही. "बहिणीचा मुलगा असो नाहीतर पोपचा भाचा, कुलपाची भाकर खाणाऱ्याला माझ्या चुलीजवळ जागा नाही," हे तिचे शब्द तुझ्याही कानावर गेले असतील. पण आज तिनेच मला टेबलाशी बसवले आणि म्हणाली, "सबायना, लिही त्याला."

माझा भाऊ फेस्टी तुमच्या तुरुंगात आहे. इंग्रजांशी केलेला तह न मानणाऱ्या बाकीच्यांबरोबर फेब्रुवारीत डोंगरावरून पकडून नेला तेव्हापासून त्याची महिन्याला दोन पत्रे येत होती. आता ती बंद झाली. गावात म्हणतात की तिथल्या कैद्यांनी अन्न सोडले आहे, आणि उपोषण करणाऱ्याचे पत्र बाहेर येऊ देत नाहीत. इंग्रज होता तेव्हा निदान शिव्या कुणाला द्यायच्या ते कळत होते. आता किल्ली आपल्याच आयरिश माणसांच्या हातात आहे.

आईला तीन गोष्टी हव्या आहेत. फेस्टी खरेच जेवत नाही का? त्याचा कोट त्याच्याजवळ आहे का? आणि कोटाच्या खिशात भाकरी आहे का?

भाकरीचे तुला सांगायला नको. आपल्या घरातून लांबच्या वाटेला निघणाऱ्याच्या खिशात ओटच्या भाकरीचा अर्धा तुकडा असतो आणि उरलेला अर्धा घरी डब्यात. दुष्काळात माणसे जिथे जिथे भुकेने पडली तिथे भुकेचे गवत उगवले, आणि त्यावर पाय पडला की धडधाकट माणूस जागीच भुकेने कोसळतो. घासभर भाकरी तोंडात घातली तरच वाचतो. आई सत्तेचाळीसच्या दुष्काळात जन्मलेली. ती यात थट्टा करत नाही.

तिचे म्हणणे आहे की तुरुंगाचे अंगणही कुणाच्या तरी थडग्यावरच बांधलेले असणार.

सबायना


डब्लिन,
२६ ऑक्टोबर

प्रिय सबायना,

तुझे पत्र मी दोनदा वाचले आणि चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली. मावशीने माझे नाव घेतले, एवढ्यासाठीच.

तिच्या प्रश्नांची उत्तरे देतो. हो, तो जेवत नाही. आज तेरावा दिवस. पाणी आणि चिमूटभर मीठ, एवढेच. त्या सगळ्यांची मागणी एकच आहे, आरोप ठेवा नाहीतर सोडा. त्याची कोठडी माझ्याच रांगेत आहे. पहिल्या दिवशी मला पाहून म्हणाला, "काय रे बार्टली, वीस वर्षं इंग्रजाची लापशी वाढलीस, आता आपल्यांची वाढतोस. पातेलं तरी बदललं का?" मी म्हणालो, "पातेलं तेच आहे, लापशी जरा पातळ झालीय." तो इतका हसला की त्याला भिंत धरावी लागली.

सकाळी लापशीचा वाडगा दारात ठेवून तासभर तसाच राहू द्यायचा, असा हुकूम आहे. वास यावा म्हणून. मी ठेवतो. हे काम करताना मी मनातल्या मनात प्रार्थना म्हणतो, पण ती नक्की कुणासाठी म्हणतो ते मला कळत नाही.

कोट कोठारात आहे. मी स्वतः जाऊन पाहिला. आतल्या खिशात निळ्या फडक्यात गुंडाळलेला भाकरीचा अर्धा तुकडा आहे. कौलासारखा कडक झालाय, पण शाबूत आहे. उंदरानेही तोंड लावलेले नाही. मी तो पुन्हा फडक्यात बांधला, कोटासकट पिशवीत घातला आणि पिशवीला शिशाचे सील लावले. मावशीला सांग.

तुझा मावसभाऊ,
बार्टली


डरीगोरम,
१ नोव्हेंबर

बार्टली,

पत्र सोमवारी पोहोचले. मी आईला वाचून दाखवले. सील लावल्याचे ऐकून तिने मान हलवली.

आई बरी आहे. हवा कोरडी आहे म्हणून दिवसा दारात बसते.

उद्या मृतांचा दिवस. आज संध्याकाळी गेलेल्यांसाठी टेबलावर ताटे मांडायची, चूल धगती ठेवायची, दाराला कडी लावायची नाही. बाबांचे, आजीचे, धाकट्या पीटरचे अशी तीन ताटे मी काढली. शेजारची ऑनर मदतीला आली होती. ती भाबडेपणाने म्हणाली, "फेस्टीचंही एक मांडायचं का गं?" आई दारातूनच ओरडली, "तुझ्या नवऱ्याचं मांड आधी! तो दारू पिऊन खड्ड्यात पडलाय तो उठलाय का ते बघ!" ऑनर रडत गेली. मग मीच तिच्याकडे सहा अंडी घेऊन गेले.

फेस्टी काय बोलतो ते लिहीत जा. जसेच्या तसे लिही.

सबायना


डब्लिन,
५ नोव्हेंबर

प्रिय सबायना,

जसेच्या तसे लिही म्हणालीस म्हणून लिहितो. नाहीतर हे मी स्वतःपाशीच ठेवले असते.

गेल्या मंगळवारी सकाळी मी वाडगा ठेवायला गेलो तर फेस्टी म्हणाला, "जपून, तिच्या पायावर सांडशील." मी विचारले, "कुणाच्या?" तो म्हणाला, "आईच्या. दारात बसलीय दिसत नाही का? खुर्ची तिची तिनेच आणलीय. गवती बैठकीची. मागच्या पायाखाली पाटीचा तुकडा आहे."

तेव्हापासून रोज हेच. ताप नाही. बाकी सगळे नीट बोलतो. वार सांगतो, तारीख सांगतो, माझ्या टकलावर विनोद करतो. फक्त दाराकडे बघताना आवाज खाली आणतो. काल मला म्हणाला, "तिला विचार, शाल उलटी का पांघरलीय?" मी म्हणालो, "तूच विचार." तर म्हणाला, "मी विचारलं. बोलत नाही. नुसती बघते."

अशक्त माणसाला भास होतात. डॉक्टर तसेच म्हणतात आणि मीही तसेच म्हणतो. पण एक गोष्ट मी डॉक्टरांना सांगितलेली नाही. शेजारच्या कोठड्यांत ठेवलेला वाडगा पाव तास तरी वाफाळतो. फेस्टीच्या दारात ठेवला की मी कंबर सरळ करेपर्यंत वाफ नाहीशी झालेली असते. बोट लावून पाहिले. विहिरीच्या दगडासारखी थंड लापशी. मंगळवारपासून रोज.

साबी, मावशी जेवते ना?

बार्टली


डरीगोरम,
८ नोव्हेंबर

बार्टली,

नाही. जेवत नाही.

लिहू नकोस म्हणून तिने मला शपथ घातली होती. ती आज मी मोडते आहे. तुझे पहिले पत्र वाचून झाल्यावर दुसऱ्या दिवशी, मंगळवारी सकाळी, तिने गवती खुर्ची उचलून उंबऱ्यात ठेवली आणि बसली. मी लापशी आणली. म्हणाली, "ने ती आत." मला वाटले पोट बिघडले असेल. दुपारी बटाटे नेले, तेही परत. मग तिने मला समोर उभे करून सांगितले.

"जुन्या काळी मोठ्या माणसानं अन्याय केला की गरीब माणूस त्याच्या दारात उपाशी बसायचा. दारात माणूस उपाशी असताना आत जेवेल त्याची अब्रू गेली. एक तर त्यानं न्याय द्यायचा, नाहीतर लोकांनी त्याचं तोंड बघायचं नाही. मी माझ्या मुलाच्या दारात बसलेय. जोवर तो खात नाही, तोवर उठणार नाही."

मी म्हणाले, "अगं, त्याचं दार डब्लिनला आहे."

ती म्हणाली, "हे घर कुणाच्या नावावर आहे?"

फेस्टीच्याच नावावर आहे.

सकाळी उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत बसते. पाणी आणि मीठ. त्याच्याइतकेच. फादर आले, त्यांनी पाप-पुण्य सांगितले. तिने त्यांना विचारले, "चाळीस दिवस वाळवंटात कोण उपाशी राहिलं होतं, फादर? त्याच्या आईला कुणी विचारलं का तिला काय वाटलं ते?" ते टोपी घेऊन निघून गेले.

आणि शाल, बार्टली. ती उलटी पांघरते. वाट चुकू नये म्हणून डोंगरावर जाणारे कोट उलटा घालतात ना, तशी. मी विचारले होते, "घरात बसून कुठली वाट चुकणार आहेस?" तिने शाल खांद्यांवर आणखी घट्ट ओढली.

हे मी तुला लिहिले नव्हते. पाटीच्या तुकड्याचेही नाही. खुर्ची डगमगू नये म्हणून तो मीच मागच्या महिन्यात घातला. फेस्टी तेव्हा तुरुंगात होता.

त्याला सांग सगळे. तुझा नियम मोडत असला तरी सांग.

सबायना


डब्लिन,
१२ नोव्हेंबर

प्रिय साबी,

मी नियम मोडला. त्याच्या खाटेशी गुडघे टेकून, प्रार्थना करतो आहे असे दाखवत, तुझे पत्र त्याच्या कानाशी वाचले. वाटले होते, आईसाठी तरी तो चमचाभर दूध घेईल.

त्याने आधी दाराकडे पाहिले. मग म्हणाला, "म्हणजे ती खरंच जेवत नाही. मग मी कसा जेवू?"

मी म्हणालो, "अरे, तू जेवावंस म्हणूनच ती बसलीय!"

"बार्टली, तुला आमच्या घरची गोष्ट माहीत नाही," तो म्हणाला आणि थांबत थांबत सांगू लागला. तुमचे बाबा बुडाले त्या हिवाळ्यात बटाटे कुजले. तो एकोणीस वर्षांचा. मावशी सगळ्यांना वाढून शेवटी जेवायची. एकदा त्याने पाहिले की ती शेवटीही जेवत नाही. तिचा वाटा रोज त्याच्याच ताटात परत येतो. त्या दिवशी त्याने देवाच्या तसबिरीवर हात ठेवून सांगितले की यापुढे आईने पहिला घास घेतल्याशिवाय मी चमचा उचलणार नाही. तेव्हापासून पकडला जाईपर्यंत त्याने ते पाळले, असे म्हणतो. तुला आठवत असेल.

"इथे आल्यावर ती समोर नव्हती, म्हणून जेवत होतो," तो म्हणाला. "आता दारात बसलीय. उपाशी. तिच्यासमोर मी खाऊ?"

मी चिडलो. म्हणालो, "रांगेतले सात जण काल उपोषण सोडून उठले. तुझ्या सरकारशी तुझं भांडण आहे ना, ते आईच्या जिवावर कशाला?"

तो हसला. आता हसायलाही त्याला वेळ लागतो. "सरकारशी माझं भांडण दोन आठवड्यांपूर्वीच दमलं रे. आता फक्त म्हातारीशी उरलंय."

ती म्हणते, त्याने आधी. तो म्हणतो, तिने आधी. आणि मधे शंभर कोसांचा देश.

डॉक्टर म्हणतात, या रविवारपर्यंत. त्यापुढे अन्न दिले तरी उपयोग नाही.

ती जेवली असे त्याला सांगावे, हा विचार माझ्या मनात दिवसभर होता. पण मरणाऱ्या माणसाशी खोटे बोलायला माझी जीभ उचलत नाही. आणि बोललो असतो तरी त्याने आधी दाराकडे पाहिले असते, मग माझ्याकडे. तू मावशीला उठव. तिला सांग की तिच्याच घासावर सगळे अडलेय.

बार्टली


डरीगोरम,
शनिवार, १७ नोव्हेंबर

बार्टली,

तुझे पत्र गुरुवारी आले. आईला सगळे खरे सांगितले. तिचा आवाज आता इतका बारीक झालाय की कान तोंडाशी न्यावा लागतो. म्हणाली, "पन्नास वर्षं मी शेवटी जेवले; त्याच्यासमोर पहिला घास नुसता ओठाला लावायचे. आता मुलाआधी जेवू? आधी तो."

काल दिवसभर मी तिच्या पायाशी बसून रडले. तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. हात नव्हताच तो, वाळके पान होते.

आज सकाळी मी ठरवले. टपालवाला मर्टी बाराच्या सुमारास येतो. मी त्याला वाटेत गाठून म्हणाले, "मर्टी, काही बोलू नकोस. फक्त दारात ये आणि ही चिठ्ठी मला दे." घरातलाच जुना कागद होता, बियाण्याच्या दुकानाचा. त्याने बिचाऱ्याने दिला. मी उघडला आणि मोठ्याने वाचले, "फेस्टीने अन्न घेतले. धोका टळला. बार्टली."

त्याच वेळी खाली चर्चमध्ये बाराच्या प्रार्थनेची घंटा सुरू झाली. वारा इकडचा होता, स्पष्ट ऐकू आली. मर्टीने टोपी काढली. आई घंटा संपेपर्यंत ओठ हलवत राहिली. मग म्हणाली, "डबा आण."

मी डबा आणला. तिने फेस्टीच्या भाकरीचा घरातला अर्धा काढला, तोंडाशी नेला आणि खालच्या दोन दातांनी एक घास तोडला. खूप वेळ चावला. गिळला. उरलेला तुकडा परत फडक्यात बांधून म्हणाली, "हे त्याला." मग माझा हात धरून उठली, शाल काढून सुलटी केली आणि आत जाऊन झोपली.

मी आईशी खोटे बोलले, बार्टली. देवाची घंटा वाजत असताना बोलले. आता ते खरे करणे तुझ्या हातात आहे. हे पत्र तुला मिळेल तेव्हा रविवार उलटून गेला असेल. तरी लिहिते.

सबायना


डब्लिन,
शनिवार, १७ नोव्हेंबर, संध्याकाळ

साबी, साबी,

त्याने खाल्ले! घाईत लिहितोय, अक्षर सांभाळून वाच.

दुपारी मी रांगेत उभा होतो. बाराची घंटा सुरू झाली तशी मी टोपी काढली. शेवटचा ठोका पडला आणि फेस्टीच्या कोठडीतून आवाज आला. दोन दिवस तो बोलला नव्हता. मी आत धावलो. तो कोपरावर उठून बसायला बघत होता.

"उठली," तो म्हणाला.

"कोण?"

"आई. घास घेतला तिनं. खुर्ची मोकळी आहे बघ." आणि मग लहान मुलासारखे म्हणाला, "माझी भाकरी आण, बार्टली. कोटातली."

डॉक्टर म्हणाले, दूध द्या, भाकरी कसली. तो दुधाला तोंड लावेना. शेवटी डॉक्टरच म्हणाले, आणा ती. मी कोठारात जाऊन सील तोडले, फडके तसेच घेऊन आलो. नखाएवढा तुकडा दुधात भिजवून त्याच्या जिभेवर ठेवला. गिळला. मग दूध घेतले, चार चमचे. आता झोपलाय.

बाकीच्यांना कळले तसे कुणीतरी दारावर भांडे आपटून ओरडले, "पोटभरू! आईचं दूध प्यायलास ना!" तो डोळे मिटूनच म्हणाला, "हो रे. तेच प्यायलो."

मावशीला सांग. ती जिंकली.

बार्टली


डरीगोरम,
२० नोव्हेंबर

बार्टली,

तुझे पत्र काल सकाळी दहाला आले. आई आठ वाजता गेली. झोपेतच. तोंडावर कसलाही त्रास नव्हता. मी घड्याळ थांबवले, आरसा झाकला, आणि मग मर्टी दारात आला.

ती माझ्या खोट्यावर विश्वास ठेवून गेली. आणि ते खोटे तेव्हा खरे झालेले होते. मी बोलले त्या क्षणी ते काय होते? मला कळत नाही. फादरना विचारले तर ते म्हणाले, सावकाश बोलू.

अठरा दिवस उपाशी राहिलेल्या म्हातारीच्या पोटात कडक भाकरीचा घास गेला. त्यानेच गेली असेल, असे डॉक्टर म्हणाले. म्हणजे माझ्यामुळे.

पण मी लिहायला बसले ते दुसऱ्याच गोष्टीसाठी. तिच्या हातात तो भाकरीचा तुकडा ठेवावा म्हणून मी डबा उघडला. ऑनर माझ्या शेजारी उभी होती. फडके सोडले.

भाकरी अख्खी आहे. अर्धा तुकडा, फेब्रुवारीत मोडला तसाच. एक कणही कमी नाही.

मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, बार्टली. दात लागल्याचा आवाज ऐकला. मर्टीनेही ऐकला. त्याला विचारले तर तो क्रूसाची खूण करून निघून गेला. माझी नजर चुकली असेल तर तसे लिही. मला बरे वाटेल.

सबायना


डब्लिन,
२४ नोव्हेंबर

प्रिय साबी,

देव मावशीच्या आत्म्याला शांती देवो. काल सगळ्याच कैद्यांनी उपोषण सोडले. फेस्टीला आता कुणी काही म्हणत नाही. तो रोज वाटीभर लापशी खातो. वाफाळती.

तुझी नजर चुकली नाही. एक गोष्ट मी त्या दिवशीच्या पत्रात लिहिली नाही, कारण मला आनंद मोडायचा नव्हता आणि स्वतःवरही विश्वास नव्हता.

मी फडके सोडले तेव्हा भाकरीचा एक घास गेलेला होता. कडेला अर्धचंद्रासारखा. खालच्या बाजूला दोन दातांच्या खुणा होत्या, वरच्या बाजूला नुसता हिरडीचा दाब. सील माझ्या हातचे होते, मीच तोडले. उंदीर म्हणशील, तर बावीस वर्षे मी तुरुंगातले उंदीर पाहतोय. उंदीर कुरतडतो, चावत नाही. आणि नऊ महिन्यांची ती कडक भाकरी चावलेल्या कडेला मऊ होती. ओली.

तो तुकडा मी जपून ठेवलाय. कुणाला दाखवलेला नाही.

तू खोटे बोललीस तेव्हा ते काय होते, हे मला सांगता येणार नाही. मी गावच्या शाळेत शिकलेला माणूस. इतकेच कळते की मी खोटे बोललो नाही म्हणून स्वतःला शुद्ध समजत होतो, आणि त्या शुद्धपणाने कुणाच्याही पोटात घास गेला नसता. मी तुझ्यासाठी प्रार्थना करतो. तू माझ्यासाठी कर.

मावशी गेल्याचे फेस्टीला मीच सांगितले. त्याला आधीच ठाऊक असल्यासारखे वाटले. भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "आयुष्यात एकदाच ती खरोखर माझ्याआधी जेवली."

बार्टली


डरीगोरम,
९ जानेवारी १९२४

प्रिय बार्टली,

फेस्टी नाताळच्या आदल्या दिवशी घरी आला. चालत आला, स्टेशनपासून नऊ मैल. उंबऱ्यातली खुर्ची मी उचलली नव्हती. तो तिला वळसा घालून आत आला, जणू कुणी बसलेय.

तू दिलेला तुकडा आणि घरातला अख्खा तुकडा त्याने शेजारी ठेवले. मोडलेली कड कडेला बसली. फक्त त्याच्या अर्ध्यातला तो घास आणि त्याने खाल्लेला नखाएवढा तुकडा, एवढेच मोकळे राहिले. दोन्ही एकाच फडक्यात बांधून आम्ही आईच्या थडग्यात पुरले. फादर होते. त्यांनी प्रार्थना म्हटली.

फेस्टी आता राजकारणाचे बोलत नाही. मेंढ्या बघतो. मी फादरकडे दर शनिवारी जाते. अजून सावकाशच बोलतो आहोत.

तू नोकरी सोडतो आहेस, असे फेस्टी म्हणाला. मग इकडे ये. चुलीजवळ जागा आहे. आईनेच तुझे नाव घ्यायला लावले होते, तेव्हा तिची हरकत नसणार. येताना डोंगराकडच्या वाटेने आलास तर खिशात भाकरी ठेव.

आणि एक सांगून ठेवते, म्हणजे पहिल्या दिवशी तुझ्या हातून चूक होणार नाही. टेबलावर आम्ही आईचा वाडगा मांडतो. लापशी वाढली की फेस्टी हात मांडीवर ठेवून बसतो. आमच्या वाडग्यांची वाफ निघत असते. तिच्या वाडग्याची एकदम जाते, कुणीतरी फुंकर घातल्यासारखी. मग फेस्टी चमचा उचलतो.

तोवर तूही थांब.

तुझी,
साबी